मे २०२०: मस्टरचा एक दिवस

पहाटे ४.४५

उन्हाळ्यात रोजगार हमीचं काम ऊन चढायच्या आत उरकावं लागतं, म्हणून माझी चूलही अंधारातच पेटते. भाकरी थापून होईपर्यंत सासूबाई टँकरच्या रांगेत घागरी लावून येतात. दप्तर रात्रीच भरून ठेवलेलं असतं. त्यात मस्टर म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, जॉबकार्डांची नोंदवही, काम मागायचे नमुना ४ चे कोरे अर्ज, पावतीपुस्तक, शाईचा पॅड आणि मोजमापाचा टेप. यंदा त्यात सॅनिटायझरची बाटली वाढली आहे.

मी ग्राम रोजगार सेवक. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगराला टेकून आमचं गाव आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास निम्मं गाव ऊसतोडीला जातं, तरणी पोरं पुण्याला जातात, आणि मग माझ्या मस्टरवर म्हातारीकोतारी आणि लेकुरवाळ्या बायकाच राहतात. यंदा मार्चच्या २५ तारखेला देश बंद झाला आणि सगळं गाव उलटं फिरलं. आधी पुण्याची पोरं आली, कुणी दुधाच्या गाडीत बसून, कुणी चालत. एप्रिलच्या मध्यानंतर कारखान्यांच्या फडात अडकलेल्या तोडणी मजुरांना सरकारने परवानगी दिली आणि ट्रॅक्टर भरभरून तीही माणसं परतली. इतक्या तोंडांना एकदम काम कुठून आणायचं, हा प्रश्न घेऊन मी रोज उठते.

सकाळी ५.४५

साइटवर जायच्या आधी जिल्हा परिषदेच्या शाळेकडून वळसा घालते. बाहेरून आलेल्यांना १४ दिवस तिथेच ठेवतात. मी व्हरांड्यात जात नाही, खिडकीच्या गजातून अर्ज आत सरकवते.

काल रात्री एक जोडपं आलंय. तो पिंपरीत एका कारखान्यात ठेकेदाराकडे होता, ती चार घरची धुणीभांडी करायची. मांडीवर दीड वर्षाची मुलगी. त्याला वाटलं होतं, चौदा दिवस झाल्यावर अर्ज करायचा, मग काम मिळणार. मी म्हटलं, "आजच भरा भाऊ. काम कोणत्या तारखेपासून पाहिजे, तो रकाना अर्जात आहे. तिथे बाहेर पडायची तारीख टाका."

हे मी प्रत्येकाला सांगते, कारण सगळा कायदा या कागदावर उभा आहे. रोजगार हमीत काम वाटलं जात नाही, ते मागावं लागतं. मागितलं की तारखेची पावती मिळते. तिथून १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकार भत्ता द्यायचा: पहिले ३० दिवस मजुरीच्या पाव हिश्शाने, पुढे निम्म्याने. पावती नसेल तर यातलं काहीच सुरू होत नाही. तोंडी मागितलेलं काम कुठल्याच नोंदीत नसतं, आणि नोंद नसली की तालुक्याला वाटतं, या गावात कामाची गरजच नाही.

दोघांची नावं जॉबकार्डावर नाहीत. कार्ड त्याच्या वडिलांच्या नावचं आहे, त्यात आईवडील आणि धाकटा भाऊ. यांनाही त्यातच घातलं तर पाच माणसांत एक कार्ड होईल. केंद्र सरकार एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची मजुरी देतं, म्हणजे पाचही जण कामावर आले तर वीस दिवसांत शंभर संपले. शंभरानंतरचा खर्च आपलं राज्य उचलतं, ते आपल्या जुन्या रोजगार हमी कायद्यामुळे. पण त्यासाठी माणसाने पुन्हा पुन्हा खेटे घालायचे कशाला? चूल वेगळी असेल तर कार्ड वेगळं काढता येतं. मी त्यांचा वेगळा अर्ज लिहून घेतला. फोटो बाहेर पडल्यावर काढू.

पावती दिली तेव्हा त्याने विचारलं, "वहिनी, पुण्यात ही मागणी कुठं करायची असती?"

कुठेच नाही. केरळात अय्यंकाळींच्या नावाने शहरातल्या मजुरांसाठीही रोजगार हमी आहे, २०१० पासून. आपल्याकडे ही हमी गावाच्या शिवेपाशी संपते. त्या कारखान्याचा ठेकेदार पहिल्याच आठवड्यात फोन बंद करून बसला. खोलीचं भाडं थकलं, तिची चारही कामं सुटली, आणि अशा वेळी ज्याच्यापुढे अर्ज करावा असं एकही टेबल त्या एवढ्या मोठ्या शहरात या दोघांसाठी नव्हतं. म्हणून लेकरू घेऊन ते इतक्या लांब आले. गावी मायबाप आहेत हे एक कारण झालं, आणि गावी मागता येतं हे दुसरं.

सकाळी ६.४५

काम गायरानाच्या उतारावर चाललंय. सलग समतल चर. उताराला आडवे, दोन फूट रुंद आणि फूटभर खोल, म्हणजे पावसाचं पाणी पळत खाली न जाता चरात थांबतं आणि जिरतं. लॉकडाऊनमध्ये एप्रिलच्या २० तारखेपासून रोजगार हमीला मुभा मिळाली, तीही पाण्याच्या आणि सिंचनाच्या कामांना आधी. आमच्या गावाला तेच हवं होतं.

हजेरी घेताना नाव मोठ्याने वाचते, ज्याने त्याने आपल्या जागेवरून हात वर करायचा. तोंडाला रुमाल किंवा पदर. माणसामाणसांत अंतर ठेवून चर आखून दिलेत, पण टिकावाच्या घावानंतर पाटी भरायला दुसरं माणूस लागतंच, म्हणून एका घरच्या माणसांना एकत्र जोडते.

गट पाडणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक काम आहे. यंदाचा आमचा दर २३८ रुपये, गेल्या वर्षी २०६ होता. पण २३८ पडतात ते मोजमापाने काम पूर्ण भरलं तर. मोजमाप गटाचं होतं, त्यामुळे गटात कोण आहे यावर प्रत्येकाच्या हातात किती पडणार ते ठरतं. ऊसतोडीवरून आलेल्या जोड्या वाऱ्यासारखा चर ओढतात. पुण्याहून आलेल्या पोरांच्या हाताला दुसऱ्याच दिवशी फोड आले. सगळी दणकट माणसं एका गटात घातली की त्यांची मजुरी पूर्ण पडते आणि म्हाताऱ्यांची निम्मी राहते. म्हणून प्रत्येक गटात एक तोडणीची जोडी घालते. सुरुवातीला जोड्या कुरकुरल्या. एका तोडणीवाल्या मामांनीच त्यांना गप्प केलं. म्हणाले, "फडात आजारी माणसाची मोळी आपन बांधीतच होतो ना? मंग हितं काय झालं?"

सकाळी ८.३०

भाकरीची सुट्टी. ठेचा, कांदा, कुणाकडे पिठलं.

कडुनिंबाखाली पाळणाघर आहे. पाच किंवा जास्त लहान मुलं साइटवर असतील तर ती सांभाळायला एका बाईला नेमायचं आणि तिलाही तीच मजुरी द्यायची, असं कायद्यात आहे. ही तरतूद कागदावर ठेवायची नाही, असं मी पहिल्या वर्षीच ठरवलं होतं. आज नऊ लेकरं आहेत. सांभाळणाऱ्या आजी गुडघ्यांनी अधू आहेत, टिकाव त्यांना पेलत नाही. पण लेकरं त्यांच्या आवाजाला बरोबर थांबतात.

या आजी बहात्तरच्या दुष्काळात अठरा-एकोणीस वर्षांच्या होत्या. समोरच्या टेकडीमागचा पाझर तलाव त्यांच्या हाताखालून गेलाय. "खडी फोडली, माती वाह्यली. सुकडी द्यायचे. मिलोची भाकर खाल्ली, घशात रुतायची," असं सांगतात. त्या वर्षी जनावरं मेली, विहिरी तळाला गेल्या. पण माणसं कामावर होती. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. एवढ्या मोठ्या दुष्काळात सरकारने धान्याबरोबर कामही द्यायचं धरलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा जो प्रयोग केला, त्याची राज्यभराची योजना याच काळात झाली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो लागू झाला. देशाने २००५ मध्ये जो कायदा केला, त्याची वाट आजींच्या पिढीने पाटी वाहून मळलेली आहे.

आणि त्या वाटेवर पैसा शहराने घातला. १९७५ पासून पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो, तो याच कामासाठी बसवला गेला. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराचा थोडा पैसा दुष्काळी गावातल्या मजुराला मिळेल, अशी ती बांधणी होती. आज तीच शहरं बंद पडली आहेत आणि तिथली माणसं माझ्या मस्टरवर येऊन उभी आहेत. शहरात दम आहे तोवर गावासाठी बांधून ठेवलेली व्यवस्था शहराचा दम तुटल्यावर त्याच्याच माणसांच्या कामी आली. म्हणून मला वाटतं, अशी व्यवस्था वाईट दिवस यायच्या आधी उभी असली पाहिजे. संकटात कुणी नवीन योजना जाहीर केली, तर कार्डं काढायला, खाती उघडायला, याद्या करायलाच तीन महिने जातात. माझ्याकडे मार्चमध्ये ज्यांचं कार्ड तयार होतं, ते एप्रिलअखेर कामावर होते. ज्यांचं नव्हतं, ते अजून शाळेच्या खिडकीत आहेत.

सकाळी ११.३०

ऊन पेटलं. काम थांबवलं. टेपने प्रत्येक गटाची लांबी-रुंदी मोजून कच्ची नोंद केली. पक्कं मोजमाप पंचायत समितीचे तांत्रिक सहाय्यक करतील, पण माझी नोंद असली की नंतर वाद होत नाही.

निघताना एक तोडणीवाली ताई मागे राहिली. ती पंधरा वर्षं फडात जाते. तिथे नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादम नवऱ्याच्या हातात देतो, हिशोब नवऱ्याशी करतो, हंगाम संपला की फिटलं किती आणि राहिलं किती हेही नवऱ्यालाच सांगतो. तिने तोडलेल्या उसाचा वेगळा आकडा आजवर कुणी लिहिलेला नाही. मस्टरवर तिची वेगळी ओळ आहे, नवऱ्याइतकीच मजुरी आहे, आणि पैसे तिच्या स्वतःच्या खात्यावर पडतात. तिने हळूच विचारलं, "पैसं माझ्याच खात्यावर येतेत ना, ताई? त्येच्या न्हाई ना?" मी मस्टर उघडून तिला तिचा खाते क्रमांक दाखवला. यंदाची उचल अर्धीच फिटली आहे, हंगाम आटोपता आटोपता बंद झाला. मुकादमाचा निरोप येऊन गेलाय. ती म्हणाली, या पैशांतून आधी बियाणं घ्यायचं, उचलीचं नंतर बघू. ही निवड तिला आजवर कधी करता आली नव्हती.

दुपारी १

ग्रामपंचायत कार्यालय. ग्रामसेवक भाऊसाहेब कोरोनाच्या याद्यांत बुडालेत. मी सकाळचे अर्ज पुढे केले. ते म्हणाले, "ताई, काम तर देतोच आहोत, मग पावत्या कशाला? पुढं कुणी भत्ता मागितला तर आपल्याच गळ्यात."

त्यांच्यावर माझा राग नाही, तीन गावं त्यांच्या एकट्याच्या अंगावर आहेत. पण पावतीवर सही घेतल्याशिवाय मी उठले नाही. मी म्हटलं, "भाऊसाहेब, आज काम आहे. पाऊस लांबला तर जुलैत माणसं पुन्हा येतील. तेव्हा तालुक्याला दाखवायला आपल्याकडे हेच राहील." सह्या झाल्या.

परवा रविवारी अर्थमंत्र्यांनी या योजनेला ४० हजार कोटी रुपये वाढवून दिल्याचं सांगितलं. अंदाजपत्रकात ६१,५०० कोटी होते, त्याच्या वर हे. गावात टीव्हीवर सगळ्यांनी ऐकलं आणि आता जो तो विचारतो, काम वाढेल ना? पैसा दिल्लीत वाढला तरी आमच्या गावात तो मागणीच्या अर्जांमागूनच येतो. म्हणून मला आजच्या सह्या इतक्या मोलाच्या वाटतात.

दुपारी २.३०

रेशन दुकानासमोर चुन्याचे गोल आखलेत. इथे माझं अधिकृत काम काही नाही, पण वाचून सांगायला लोक बोलावतात.

प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य दोन-तीन रुपये किलोने मिळतं ते आहेच. वर एप्रिलपासून माणशी ५ किलो तांदूळ फुकट आणि घरटी एक किलो डाळ. केशरी कार्डवाल्यांना राज्याने मे आणि जूनसाठी माणशी ३ किलो गहू ८ रुपयांनी आणि २ किलो तांदूळ १२ रुपयांनी दिलेत. मजुरी हातात यायला पंधरा दिवस लागतात, तोवर चूल या धान्यावर पेटते. हे धान्य नसतं तर कामावर आलेली माणसं चौथ्या दिवशी सावकाराकडे गेली असती आणि मस्टर अर्धं रिकामं झालं असतं. दोन्ही योजनांची खाती मंत्रालयात वेगवेगळी असतील, घरात त्या एकमेकींना धरून चालतात.

गळतीही इथेच दिसते. शाळेतल्या त्या जोडप्याचं रेशन घ्यायला त्याची आई आली होती. मुलाचं नाव कार्डावर आहे, सुनेचं नाही. सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, परभणीकडे. तिथून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इथे चढत नाही, आणि जिल्ह्याच्या सीमा बंद. लेकीचं नाव तर कुठेच नाही. म्हणजे त्या घरात दोन तोंडं जास्त आली आणि धान्य एका दाण्यानेही वाढलं नाही. ज्यांच्याकडे कार्डच नाही अशा परतलेल्या मजुरांना मे-जूनसाठी माणशी ५ किलो देण्याची घोषणा नुकतीच झाली आहे. त्या यादीत या मायलेकींची नावं लिहून तलाठ्यांच्या हातात दिली. अंगणवाडीताईंना सांगून मुलीची नोंद आजच करवली, तिचा कोरडा शिधा तरी सुरू होईल.

दुपारी ४.३०

बँक मित्राच्या टपरीपुढे गर्दी. जनधन खात्याचे ५०० रुपये, संजय गांधी निराधारचे हजार, रोजगार हमीची मजुरी, सगळं एकाच यंत्रातून निघतं. रेंज गेली की सगळ्यांचंच अडतं.

आमच्या मागच्या मस्टरची मजुरी जमा झाली, पण एका पोराचे पैसे दिसत नाहीत. तो महिनाभर चर खणतोय. तालुक्याच्या ऑपरेटरला फोन लावला. पैसे गेलेत, म्हणाले. मग उलगडा झाला: पुण्यात कारखान्याने पगारासाठी खातं उघडून दिलं होतं, आधार शेवटचं त्या खात्याला जोडलं गेलं, आणि मजुरी आधारच्या मागे मागे तिकडे गेली. त्या खात्याचं कार्ड पिंपरीच्या खोलीत राहिलंय, खोलीला मालकाचं कुलूप आहे. बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा लावून पाहिला, तिसऱ्या खेपेला चालला आणि पैसे निघाले. सगळ्यांच्या बाबतीत निघत नाहीत. टिकावाने बोटं इतकी घासलेली असतात की यंत्राला रेषा सापडत नाहीत.

मजुरी १५ दिवसांत मिळाली नाही तर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई द्यायची, असं कायदा म्हणतो. २३८ रुपयांवर दिवसाला बारा पैसे. माझं म्हणणं आहे की ही रक्कम वाढवली पाहिजे. उशिराचा भार आज पूर्णपणे मजुराच्या चुलीवर पडतो. तो ज्यांच्यामुळे उशीर होतो त्यांच्याही खिशाला लागल्याशिवाय उशीर कमी होणार नाही.

संध्याकाळी ७

गवंडीकाम करणारा एक भाऊ आला. बांधकाम कामगार मंडळाने नोंदणी असलेल्यांना २,००० रुपये दिले, ते त्याच्या सोबत्याला मिळाले, याला नाहीत. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो नोंदणीला. बारा वर्षं त्याने पुण्यात इमारती बांधल्या, पण दर तीन महिन्यांनी ठेकेदार बदलला आणि दाखला कुणीच दिला नाही. त्याला आता नमुना ४ दिला. उद्यापासून येतो म्हणाला, बायकोही येते.

रात्री ९

जेवणं झाली. मोबाइलच्या उजेडात नवी मागणी एकत्र केली. आजचे एकोणीस अर्ज धरून पुढच्या मस्टरला एकशे चाळीसच्या वर माणसं होतात. गायरानावरचे चर या महिनाअखेर संपतील. जूनच्या ७ तारखेला मृग निघतो. चांगला पाऊस झाला तर निम्मी माणसं आपापल्या किंवा दुसऱ्याच्या रानात पेरणीला जातील, पण भूमिहीन घरं आणि पुण्याहून आलेली पोरं माझ्याकडेच राहणार. त्यांच्यासाठी पाझर तलावातला गाळ काढण्याचं काम आधीच मंजूर करून ठेवावं लागेल. अंदाजपत्रक तयार आहे, तांत्रिक मान्यता आहे, तहसीलदारांची प्रशासकीय मान्यता बाकी.

तांत्रिक सहाय्यकांना फोन केला. ते गुरुवारी मोजमापाला येतायत. मी म्हटलं, येताना गाळाच्या कामाची फाइल घेऊन या, ग्रामपंचायतीचा ठराव मी तयार ठेवते, आणि मागणीचे अर्ज पावत्यांसकट जोडून देते, म्हणजे तहसीलमध्ये ती फाइल कुणाला बाजूला ठेवता येणार नाही. हो म्हणाले. ठरावाचा मसुदा लिहायला घेतलाय.